रेषेवर जगू पाहणाऱ्यांची कैफियत

ज्या मुलाला चित्रांचा नाद आहे, कार्टूनपटांतील पात्रांच्या चालण्याबोलण्याच्या लकबी ज्याला तोंडपाठ आहेत, वहीच्या कोपऱ्यात पानागणिक एकेक चित्र काढून, पाने भराभर सोडली असता धावू लागणारा माणूस ज्याने साकारला आहे, आणि ज्याने एके दिवशी धीर करून ‘मला ॲनिमेशनच शिकायचे आहे’ असे घरात सांगितले आहे, त्याला आपल्या समाजाकडून मिळणारे उत्तर इतके ठरीव, इतके एकमुखी आणि इतके निःशंक असते, की त्यामागे कित्येक पिढ्यांचा अनुभव उभा असावा असे एखाद्या तिऱ्हाइताला वाटावे. वस्तुतः त्यामागे अनुभव नाही, माहिती नाही आणि विचार तर नाहीच. आहे ती केवळ चालत आलेली एक तुच्छता. ही तुच्छता शहाणपणाच्या नावाने मुलाच्या पदरात बांधली जाते, याचीच मला चीड आहे.

हे उत्तर त्याच्या पुरस्कर्त्यांवर अन्याय न करता आधी मांडले पाहिजे. ते म्हणतात : कार्टून हा पोरखेळ आहे, तो पोरांनी पाहावा आणि मिसरूड फुटताच सोडून द्यावा. त्यावर पोट भरत नाही. भरलेच तर परदेशी कंपन्यांची हमाली करून भरते, आणि ती हमालीही केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो. कार्टूनचे वेड असलेली मुले नुसती पाहत बसतात. त्यांच्या हातून काही निर्माण व्हावयाचे नाही. आता तर यंत्रच चित्रे काढू लागले आहे, तेव्हा माणसाच्या हाताला किंमत उरली कोठे? आणि सरतेशेवटी, हे सारे अमेरिकेचे नि जपानचे खूळ. आमच्या मातीशी, आमच्या भाषेशी त्याचा संबंध काय?

अशी ही पाच कलमे आहेत. ती उच्चारणारी माणसे दुष्ट नसतात, मुलाच्या भवितव्याची त्यांना खरीखुरी काळजी असते, हे मला मान्य आहे. परंतु काळजी खरी असली म्हणून माहिती खरी ठरत नाही, आणि आप्तांच्या तोंडून आले म्हणून अज्ञान पवित्र होत नाही. म्हणून एकेक कलम घेऊन त्याची छाननी करू.

पहिले कलम पोरखेळाचे. जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा ॲनिमेशनपट १९८८ साली आला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत बाँबवर्षावात आई गमावलेला एक किशोर आणि त्याची चिमुकली बहीण यांची उपासमारीने झालेली परवड हा त्याचा विषय आहे, आणि युद्धाचा इतका निर्दय हिशेब मांडणारे चित्रपट जगात फार थोडे असतील. मार्जान सात्रापी यांनी २००७ साली ‘पर्सेपोलिस’मधून इराणमधील क्रांती एका वाढत्या मुलीच्या डोळ्यांनी दाखविली, २००८ साली आरी फोलमन यांनी ‘वॉल्ट्झ विथ बशीर’मध्ये लेबनॉनच्या युद्धात लढलेल्या सैनिकाच्या बुजलेल्या स्मृतीचा शोध घेतला. आपल्या मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी आगपेट्यांवरील चित्रांच्या दुनियेत रमणाऱ्या एका एकाकी वृद्धेची आणि तिच्या मांजरीची कथा ‘प्रिंटेड रेनबो’ या लघुपटात चितारली, आणि २००६ साली कान महोत्सवातील समीक्षक सप्ताहात त्या लघुपटाने तीन पुरस्कार मिळविले. त्यांच्याच ‘बॉम्बे रोझ’ने, मुंबईच्या रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीची गोष्ट सांगणाऱ्या या रंगविलेल्या चित्रपटाने, २०१९ साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ झाला. यांपैकी कोणती कलाकृती पोरखेळ म्हणून बाजूला सारता येईल? ज्यांनी यांतील एकही पाहिली नाही त्यांनी या माध्यमाच्या वयाचा निवाडा कोणत्या आधारावर दिला?

आणि घटकाभर धरून चाललो की कार्टून मुलांसाठीच असते, तरी त्याने त्याची योग्यता उणी कशी होते? साने गुरुजींनी मुलांसाठी लिहिण्याचे व्रत घेतले, ज्येष्ठ व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांनी शालेय गणिताच्या पुस्तकांत चित्रे काढून त्या रुक्ष विषयाला हसरे रूप दिले, त्या महाराष्ट्रात ‘मुलांसाठी’ हे विशेषण हिणविण्याकरिता वापरले जावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी ॲनिमेशनकार भीमसेन यांच्या सहकार्याने १९७४ साली ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट केला. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या एका संपूर्ण पिढीला ऐक्याची कल्पना राज्यशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या काही मिनिटांतून अधिक स्पष्ट झाली, आणि त्यातील कोवळा स्वर दाभोळच्या साधना सरगम यांचा होता. ॲनिमेशनकार राम मोहन यांनी युनिसेफसाठी चितारलेली ‘मीना’ ही दक्षिण आशियातील खेडोपाडी पोचली, आणि मुलीला शाळेत धाडावे, तिला भावाइतकेच पोटभर खाऊ घालावे, हे सरकारी परिपत्रकांना जेथे पटवून देता आले नाही तेथे तिने ते सांगितले. ज्या चित्रांच्या अंगी घरातील मुलीच्या ताटाचा प्रश्न हाताळण्याचे सामर्थ्य आहे त्यांना क्षुद्र म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

दुसरे कलम पोटापाण्याचे, आणि तेच खरे पाहता सर्व आक्षेपांच्या मुळाशी आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी हे काम म्हणजे नेमके काय, हे आक्षेपकांनी एकदा समजून घ्यावे, कारण त्यांच्या कल्पनेत ॲनिमेशन म्हणजे संगणकाची कळ दाबणे एवढेच असते. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरविले तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रे लागतात. ही चित्रे काढण्यापूर्वी कथेचे स्टोरीबोर्ड, म्हणजे चौकटवार चित्रमय आराखडा, होते, त्याला कच्चा आवाज जोडून ॲनिमॅटिक तयार होते, प्रत्येक दृश्याचा लेआउट ठरतो, पार्श्वभूमी रंगविली जाते. मग हालचालीच्या मोक्याच्या अवस्था, म्हणजे की-फ्रेम, एक जण काढतो आणि त्यांमधील अवस्था, म्हणजे इन-बिट्वीन, दुसरा भरतो. त्रिमितीय पद्धत असेल तर पात्राच्या देहाला आतून सांगाडा व सांधे बसविणारा रिगर वेगळा, प्रकाशयोजना करणारा वेगळा, आणि सारे थर एकत्र जुळविणारा कंपोझिटर वेगळा. विद्यार्थ्याला पहिला धडा दिला जातो तो उसळणाऱ्या चेंडूचा : वर्तुळ तेच ठेवावयाचे, पण एकदा तो चेंडू रबराचा वाटला पाहिजे आणि एकदा लोखंडाचा. वजन, वेग, विलंब आणि पूर्वतयारी यांचे सारे शास्त्र त्या एका वर्तुळात सामावलेले आहे. डिस्नेच्या जुन्या परंपरेतील फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात या शास्त्राची बारा तत्त्वे ग्रथित केली, आणि आजही जगभरच्या चित्रशाळांतून तीच शिकविली जातात. ज्या विद्येला व्याकरण आहे, गुरुपरंपरा आहे, श्रमविभाग आहे आणि कसोटी आहे, तिला छचोर उद्योग म्हणणे कितपत योग्य आहे?

आता अस्थैर्य. ते आहे, आणि ते मी लपवीत नाही. ‘लाइफ ऑफ पाय’मधील वाघ पडद्यावर जिवंत करणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही अमेरिकन कंपनी २०१३ च्या फेब्रुवारीत, त्याच कामाचे ऑस्कर हाती येण्याच्या काही दिवस आधी, दिवाळखोरीत गेली, तिच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर या बहुराष्ट्रीय समूहाचा कारभार कोसळला आणि भारतातील हजारो कलावंतांची नोकरी एकाएकी संपुष्टात आली. आक्षेपक हे दाखले विजयी मुद्रेने पुढे करतील. पण या दाखल्यांतून निष्पन्न काय होते? त्या कलावंतांची विद्या कुचकामी होती, असे? मुळीच नाही, त्यांनी केलेल्या कामाला जगाने सर्वोच्च सन्मान दिला होता. निष्पन्न होते ते एवढेच, की ज्या कथेवर आपण राबतो ती कथा आपल्या मालकीची नसेल, तर दूर देशीच्या दप्तरात जमाखर्चाचा मेळ चुकताच आपल्या घरची चूल विझते. कुळाने राबावे, पीक काढावे आणि सातबाऱ्यावर नाव मात्र सावकाराचे असावे, अशी ही स्थिती आहे. त्या स्थितीवर महाराष्ट्राने शेतीच्या बाबतीत काय उपाय योजला? शेती सोडून द्या, असे कुळांना सांगितले, की जमिनीची मालकी कसणाऱ्याकडे गेली पाहिजे असा कायदा केला?

मालकी आपल्याकडे येऊ शकते, याचे पुरावेही समोर आहेत. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीने २००८ साली ‘छोटा भीम’ सुरू केला, आणि परदेशी मालिकांच्या भाषांतरांवर चालणाऱ्या वाहिन्यांवर धोतर नेसलेल्या एका गावच्या मुलाने आपले आसन स्थिर केले. ‘लोटपोट’ या जुन्या हिंदी नियतकालिकातील जोडी उचलून मुंबईच्या कॉसमॉस-माया कंपनीने २०१२ साली ‘मोटू पतलू’ ही मालिका उभी केली. त्याही आधी, २००५ साली, व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ने चित्रपटगृहांत गर्दी खेचून भारतीय ॲनिमेशनपटाला तिकीट काढून येणारा प्रेक्षक आहे हे सिद्ध केले होते. आणि २०२५ साली ‘महावतार नरसिंह’ने ३०० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळवून, नामवंत नटनट्यांच्या चेहऱ्यांवाचून चित्रपट चालत नाही हा व्यापारी सिद्धांत मोडीत काढला. या कृतींच्या कलात्मक गुणांविषयी मतभेद जरूर असोत, माझेही आहेत. परंतु ‘या धंद्यात आपले असे काही उभे राहत नाही’ हे विधान यानंतरही करावयाचे असेल तर त्याला मत म्हणता येणार नाही, हट्टच म्हणावे लागेल.

याच ठिकाणी एका वेगळ्या प्रतिपक्षालाही उत्तर दिले पाहिजे. मुलाला परावृत्त करणारे जसे आहेत, तसे त्याच्या वेडाचा सौदा करणारेही आहेत. संगणकाच्या चार आज्ञावल्या घोकवून घेऊन, भरमसाट शुल्क आकारून आणि हमखास नोकरीची ग्वाही देऊन निघालेले वर्ग शहरोशहरी आहेत. तेथून बाहेर पडलेल्या मुलाला नोकरी मिळाली नाही, की आप्तेष्ट म्हणतात, ‘पाहा, आम्ही सांगत होतो.’ पण दोष कोणाचा? ज्याला धावत्या कुत्र्याचे रेखाटन करता येत नाही त्याला कोणतीही आज्ञावली ॲनिमेटर करू शकत नाही, हे त्या वर्गांनी सांगितले नाही म्हणून विद्या खोटी कशी ठरते? या क्षेत्रात प्रमाणपत्र कोणी विचारीत नाही. विचारतात ते शोरील, म्हणजे स्वतःच्या हातच्या कामाचे एक-दोन मिनिटांचे चित्रण. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत किंवा मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन-शाळेत जो शिकतो त्यालाही ते दाखवावे लागते आणि घरी बसून जो शिकतो त्यालाही. पदवी, वशिला आणि आडनाव यांना ज्या धंद्यात इतकी कमी किंमत आहे, त्या धंद्याचे खरे म्हणजे मध्यमवर्गाने स्वागत करावयास हवे होते.

तिसरे कलम छांदिष्टांविषयीचे, आणि ते मला सर्वांत अन्यायकारक वाटते. एकच भाग दहा वेळा पाहणारा, पात्रांची चित्रे पुनःपुन्हा गिरविणारा, त्यांच्यासारखा वेष करून मेळाव्याला जाणारा मुलगा आळशी असतो, असे मानले जाते. परंतु ज्यांनी या कलेचा इतिहास घडविला ते सर्व आधी कोण होते? ओसामु तेझुका यांनी ओसाका येथे वैद्यकाचे रीतसर शिक्षण पूर्ण केले होते. आजच्या कोणत्याही पालकाला अभिमान वाटावा अशी सनद हाती असताना, डिस्नेच्या ‘बॅम्बी’वर लुब्ध असलेल्या त्या गृहस्थांनी चित्रकथेचा मार्ग धरला, आणि १९६३ साली त्यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’ने जपानी दूरचित्रवाणीवरील ॲनिमेशन-मालिकांचे युग सुरू केले. हायाओ मियाझाकी शाळेच्या अखेरच्या वर्षात होते तेव्हा त्यांनी १९५८ चा ‘हाकुजादेन’ हा चित्रपट पाहिला आणि त्याने ते भारावून गेले. पुढे राज्यशास्त्र व अर्थशास्त्राची पदवी घेऊनही १९६३ साली त्यांनी तोएई या चित्रसंस्थेत नोकरी धरली. त्यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ला पुढे बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वलही मिळाले आणि ऑस्करही.

याहून बोलका दाखला हवा असेल तर ओसाकाच्या विद्यार्थ्यांचा घ्यावा. १९८१ साली विज्ञानकथांच्या चाहत्यांचे एक संमेलन तेथे भरले, आणि त्याच्या उद्घाटनासाठी हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा व ताकामी आकाई या तरुणांनी हौसेने एक छोटी ॲनिमेशन-फीत तयार केली. १९८३ च्या संमेलनासाठी तिच्याहून सरस दुसरी केली. १९८४ च्या अखेरीस याच मंडळींतून गाइनाक्स ही कंपनी उभी राहिली, १९८७ साली तिचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला, आणि १९९५ साली आन्नोंच्या ‘इव्हांगेलियन’ने जपानी ॲनिमेशनची दिशाच पालटली. छंद आणि व्यवसाय यांमध्ये जी भिंत आपले लोक गृहीत धरतात ती येथे कोठे आहे? तोक्योत १९७५ साली केवळ ३२ हौशी मंडळांनी भरविलेला ‘कॉमिकेट’ हा बाजार आज लाखोंची गर्दी खेचतो, आणि तेथे स्वखर्चाने छापलेल्या चोपड्या विकणाऱ्यांतून कित्येक व्यावसायिक चित्रकथाकार पुढे आले आहेत.

आपल्याकडील चाहतेही नुसते बसून नसतात. जपानी दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात प्रदर्शित व्हावा म्हणून येथील तरुणांनी एक विनंतिअर्ज काढला, त्यावर ५०,००० हून अधिक सह्या झाल्या, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात तो चित्रपट खरोखरच आपल्या चित्रपटगृहांत लागला. जी वितरणव्यवस्था या माध्यमाला येथे प्रेक्षकच नाही असे समजून स्वस्थ होती तिला मुलांनी आपले अस्तित्व लेखी कळविले. ज्यांना आपण निष्क्रिय म्हणतो त्यांनी केलेले हे काम नागरिकत्वाच्या शिक्षणापेक्षा काय वेगळे आहे? पाहणे हीच या कलेची पहिली शाळा आहे. दृश्य थांबवून, चौकट चौकट पुढे सरकवून, पात्र वळण्यापूर्वी त्याचे डोळे आधी वळतात की खांदे, हे जो शोधतो तो वेळ दवडीत नाही, अभ्यास करतो. तेवढ्यावरच त्याने थांबू नये, पेन्सिल हातात घ्यावी, हे खरेच. पण पेन्सिल हिसकावून घेणाऱ्यांनी ‘हा नुसता पाहत बसतो’ अशी तक्रार करू नये.

चौथे कलम यंत्राचे. कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणार्धात चित्रे निघतात, तेव्हा या विद्येचे दिवस भरले, असे हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. या कलेची यंत्राशी पडलेली ही पहिली गाठ नव्हे. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’च्या वेळी डिस्नेने झेरॉक्स पद्धतीने चित्रे थेट पारदर्शक तावांवर उतरविली आणि शाईने हाती गिरविणाऱ्यांचे काम संपले, १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’ने तर कागदच बाजूला सारला. प्रत्येक वेळी काही हातांवर कुऱ्हाड कोसळली, आणि त्याचे दुःख हलके लेखण्याचा मला अधिकार नाही. परंतु प्रत्येक वेळी हालचालीचे मर्म जाणणारा माणूस अपरिहार्यच ठरला. ‘ज्युरासिक पार्क’साठी फिल टिपेट हे बाहुल्यांची तसूतसूने हालचाल करून डायनोसॉर चितारणार होते; संगणकाने ते काम हिरावून घेतले. पण तो प्राणी पाऊल कसे टाकील, भक्ष्यावर झेपावण्यापूर्वी मान कशी रोखील, हे संगणक चालविणाऱ्यांना शिकविण्यासाठी टिपेट यांनाच पाचारण करावे लागले, आणि त्या चित्रपटाच्या ऑस्करमध्ये त्यांचाही वाटा होता.

यंत्र चित्र देते. निर्णय देत नाही. आजोबांच्या निधनाची वार्ता ऐकून मुलीने रडावे, की हातातील वाटी सावकाश खाली ठेवावी, आणि ती ठेवताना किती चौकटी थांबावे, हे ठरविणे म्हणजे ॲनिमेशन. जे काम केवळ मधली चित्रे भरण्याचे होते ते यंत्र घेईल, असे खुशाल समजा. मग त्यावरून निष्कर्ष कोणता निघतो? परक्यांच्या कथांतील मधली चित्रे भरणारे मजूर घडविण्याऐवजी स्वतःची कथा रचणारे कलावंत घडविले पाहिजेत, हाच. यंत्राचे भय दाखवून मुलाला या क्षेत्रातून मागे खेचणाऱ्यांना तेच यंत्र हिशेबनीस, लेखनिक आणि प्रोग्रामर यांच्याही दारात उभे असलेले दिसत नाही काय? ज्या नोकऱ्या ते ‘सुरक्षित’ म्हणून मुलापुढे ठेवतात त्यांची सुरक्षितता त्यांनी कोणाकडून लिहून घेतली आहे?

पाचवे कलम परकेपणाचे. आणि ते तर आपल्याच इतिहासाविषयीच्या विस्मरणातून जन्मले आहे. दादासाहेब फाळके लंडनहून परतल्यावर, १९१२ साली, कुंडीत रुजलेल्या वाटाण्याच्या वाढीचे दिवसेंदिवस एकेक चौकट घेऊन त्यांनी चित्रण केले, आणि अंकुर फुटून वेल वर चढताना दाखविणाऱ्या त्या इवल्याशा फितीच्या बळावर भांडवलदाराची खात्री पटवून ‘राजा हरिश्चंद्र’ची तजवीज केली. म्हणजे ज्या भारतीय चित्रपटाचा आपण अभिमान मिरवितो त्याच्या आरंभीच चौकटीमागून चौकट जोडण्याचे हे तंत्र आहे. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव काड्यांना चालविले. प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली रघुनाथ केळकरांच्या हातून ‘जंबूकाका’ हे कार्टून काढविले. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेच्या परंपरेतले क्लेअर वीक्स शिकवावयास आले, तेव्हा जी. के. गोखले यांच्यासारखे मराठी कलावंत आणि रसायनशास्त्राचा अभ्यास सोडून आलेले तरुण राम मोहन यांच्या परिश्रमातून जातककथेवरचा ‘द बन्यन डीअर’ १९५७ साली साकार झाला. त्याच राम मोहन यांनी पुढे जपानी सहकाऱ्यांसह रामायणावरचा भव्य ॲनिमेशनपट केला आणि २०१४ साली पद्मश्रीचा मान मिळविला.

आणि चित्रपटाच्याही मागे जावयाचे असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, आणि तिच्या रक्षणासाठी झटणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दिव्याच्या उजेडात पडद्यामागून आकृती हलवावी, गाऊन कथा सांगावी आणि प्रेक्षकाला रामरावणाचे युद्ध प्रत्यक्ष दिसावे, ही किमया ज्या कोकणात मान्य होती त्याच कोकणातून मुंबईत नोकरीस आलेल्या घरांनी ‘हलती चित्रे आपली नव्हेत’ असे म्हणावे, याहून दुर्दैवी विसंगती ती कोणती?

भाषेचा प्रश्नही असाच पोकळ आहे. मराठी बाजारपेठ लहान, म्हणून मराठीत ॲनिमेशन परवडणार नाही, असे सांगितले जाते. लाटविया या देशाची लोकसंख्या एकट्या पुणे शहराहून कमी आहे. तेथील गिंट्स झिलबालोडिस या तरुणाने २०१९ साली ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट एकट्याने केला, आणि त्यानंतर ‘फ्लो’ हा संवादरहित चित्रपट ब्लेंडर या विनामूल्य उपलब्ध असलेल्या साधनावर तयार केला. २०२५ साली त्या ‘फ्लो’ने हॉलिवूडच्या धनाढ्य कंपन्यांना मागे टाकून सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर जिंकले. तेच साधन आज जळगावच्या, सोलापूरच्या, पणजीच्या मुलालाही एक पैसा न देता मिळते. मग उणीव कशाची आहे? साधनांची नाही, परंपरेची नाही, गोष्टींची तर खासच नाही. उणीव आहे ती आपल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवणाऱ्या समाजाची.

शासनाच्या दप्तरी या विषयाला आता जागा मिळाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ साली मुंबईत या क्षेत्रासाठी राष्ट्रीय संस्था उभारण्यास मंजुरी दिली आणि महाराष्ट्राने २०२५ साली स्वतंत्र धोरण संमत केले. परंतु धोरणाने इमारती उभ्या राहतात, रोजगाराचे आकडे मांडले जातात; गोष्टी सांगणारी माणसे धोरणातून उगवत नाहीत. ती घरातून येतात, शाळेच्या मागच्या बाकावरून येतात, कार्टून पाहता पाहता ‘हे कोणी केले असेल?’ असा प्रश्न पडलेल्या मुलांतून येतात. त्या प्रश्नाचा गळा घराच्या उंबरठ्यावरच आवळला, तर मंत्रालयातील कोणता हुकूम त्याला पुन्हा जिवंत करणार आहे?

म्हणून मी स्पष्टपणे सांगतो. कार्टूनचे प्रेम हा दुर्गुण नाही, ती एका कठीण विद्येची उमेदवारी आहे. ॲनिमेशन हा पळपुट्यांचा आसरा नाही, तो चित्रकार, नट, कथाकार आणि यंत्रज्ञ यांना एकत्र बसविणारा, फार थोड्यांना झेपणारा व्यवसाय आहे. आणि त्याची वाट बिकट असेल तर ती सोपी करणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे, ती बंद करणे नव्हे. मुलाला विचारावयाचेच असेल तर ‘यात पैसा आहे का?’ हा प्रश्न मागाहून विचारावा; आधी विचारावे, ‘तू आज किती चित्रे काढलीस? माणसाचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना नीट पाहिलेस का? तुला सांगावीशी वाटते ती गोष्ट कोणती?’ या तीन प्रश्नांना ज्याच्यापाशी उत्तर नाही त्याला आपण होऊन दुसरी वाट सापडेल. पण ज्याच्यापाशी उत्तर आहे त्याला अडविण्याचा अधिकार आईबापांना नाही, शिक्षकांना नाही आणि समाजालाही नाही. आपली मुले दिवसाचे कित्येक तास हलत्या चित्रांच्या सहवासात घालवितात, हे आता कोणाच्या मनाईने बदलणार नाही. बदलू शकते ते इतकेच, की ती चित्रे कोणाच्या हातची असावीत आणि त्यांत गोष्ट कोणाची असावी. ते हात आपले असावेत आणि ती गोष्ट आपली असावी असे ज्यांना वाटते त्यांनी कार्टूनचा तिटकारा आजच सोडला पाहिजे. ज्यांना तसे वाटत नाही त्यांनी मराठीच्या आणि संस्कृतीच्या भवितव्याविषयी पुन्हा कधी गळा काढू नये.